कपाटातलं जनरल रजिस्टर आणि ग्रूपवरची पीडीएफ

प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. जाडजूड, कडा झिजलेलं. त्यात मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा असं सगळं लिहिलेलं असतं. ते मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात राहतं आणि किल्ली क्लार्ककडे. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा हवा असेल, तर अर्ज लिहावा लागतो, नातं सांगावं लागतं, चार खेपा घालाव्या लागतात. आपण वैतागतो. पण त्या कुलपामागे एक समज होती: ही माहिती शाळेकडे ठेवायला दिलेली आहे, वाटायला नाही.

आता त्याच शाळेच्या 'सहावी ब (ऑफिशियल)' या व्हॉट्सॲप ग्रूपवर या. तिथे शिष्यवृत्तीची पीडीएफ येते. नाव, प्रवर्ग, आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक. खाली ओळ: 'नावात दुरुस्ती असल्यास उद्या सकाळपर्यंत कळवावे.' त्याखाली तीसेक अंगठे आणि हात जोडलेल्या इमोजी. ना अर्ज, ना खेप, ना नातं सांगायची गरज. कपाटातलं रजिस्टर ज्याला मिळायला महिना लागतो, त्याच प्रकारची माहिती इथे कुणाच्याही मामाच्या फोनमध्ये चार सेकंदांत जाते.

ज्यांच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, त्यांनी फोन उघडून वर स्क्रोल करून बघावं. मी अतिशयोक्ती करतोय का ते लगेच कळेल.

माझं म्हणणं असं आहे: मुलांबद्दल जे जे आज शाळेच्या ग्रूपवर पडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त तिथे टाकायचा शाळेला अधिकार नाही. आणि 'सोय होते' हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही. सोय मोठ्यांची होते, किंमत मुलं मोजतात.

ग्रूपवर जे पडतं

सगळ्यात आधी फी. 'खालील विद्यार्थ्यांची फी थकीत आहे' आणि खाली नावं. ही वसुली आहे, सूचना नाही. सोसायटीच्या लिफ्टशेजारी मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लावतात, तोच प्रकार. फरक एवढाच की तिथे नाव थकवणाऱ्याचं असतं आणि इथे ज्याच्या खिशात पन्नास रुपयेही नसतात त्या अकरा वर्षांच्या मुलाचं. वडिलांची नोकरी गेली ही बातमी वर्गाला अशी कळते.

मग आरटीईची यादी. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, असं केंद्राच्या नियमांत लिहिलेलं आहे. शाळा त्यांना वेगळ्या बाकावर बसवत नाही. ग्रूपवर 'आरटीई विद्यार्थ्यांच्या पालकांनी उत्पन्नाचा दाखला जमा करावा' असं म्हणून नावं टाकते. वर्गात न पाडलेली रेघ फोनवर पाडली जाते.

शिष्यवृत्तीचंही तेच. अनेक योजना ठरावीक प्रवर्गांसाठीच असतात, त्यामुळे योजनेच्या नावासमोर मुलीचं नाव आलं की जात निराळी सांगायची गरज उरत नाही. ज्या राज्यात आडनावावरून भाड्याचं घर मिळायचं की नाही ते ठरतं, तिथे शाळा ही माहिती साठ घरांत नेऊन पोचवते आणि तिला त्यात काही गैर वाटत नाही. शिष्यवृत्ती हा त्या मुलीचा हक्क आहे, लाज नाही, हे मान्यच. पण कधी, कुणाला आणि कुठल्या शब्दांत सांगायचं हे तिनं ठरवायचं असतं. क्लार्कनं नाही.

पुढे चाचणीचे गुण, पहिल्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत. गैरहजर मुलांची नावं. गृहपाठ न केलेल्यांची नावं. दहावीला अध्ययन अक्षमतेची सवलत घेणाऱ्यांची नावं. आणि कधीतरी, एखाद्या मुलाच्या आईला उद्देशून पण सगळ्यांसमोर: 'तुमच्या पाल्याचं वर्तन सुधारत नाहीये, उद्या भेटा.' शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही बंदी घालतं. वर्गात कान धरून उभं केलं तर तक्रार होते. ग्रूपवर उभं केलं तर 'धन्यवाद मॅम' असा रिप्लाय येतो.

या सगळ्यात मूल कुठे असतं? ते ग्रूपमध्ये नसतं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तोच खोलीबाहेर. पण त्याला कळतं, कारण संध्याकाळी आईचा फोन त्याच्याच हातात असतो. किंवा दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी सांगतंच: 'तुझं नाव आलं होतं काल.'

पाकीट सीलबंद, पत्ते साठ

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो: 'व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड असतं की.' मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून यावर दोन मिनिटं थांबतो.

२०१६पासून व्हॉट्सॲपवरचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, हे खरं. म्हणजे पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत जाताना मधल्या कुणाला, कंपनीलाही, मेसेज वाचता येत नाही. पाकीट सीलबंद आहे. पण शाळेनं ते पाकीट साठ पत्त्यांवर पाठवलंय. धोका वाटेत नाही, मुक्कामी आहे.

मुक्कामी काय होतं? ग्रूपमधल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे फोन नंबर दिसतात. नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडून दुसऱ्या शहरात मुलीला घेऊन राहणाऱ्या बाईचा नवा नंबर आणि मुलीची शाळा, दोन्ही एकाच पडद्यावर. तिला शोधणाऱ्याला ग्रूपमधला एक ओळखीचा माणूस पुरतो. फोटो बऱ्याच फोनमध्ये आपोआप गॅलरीत उतरतो. गॅलरीचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो. ते खातं कधीकधी घरातल्या तिघांच्या फोनवर चालू असतं. पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये बसते आणि फोन विकेपर्यंत, कधी विकल्यानंतरही, तिथेच राहते. शिक्षकांनी चूक लक्षात आल्यावर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं, तरी आधी सेव्ह झालेली प्रत जात नाही. आणि फॉरवर्ड करायला एक बोट लागतं.

आता हीच गोष्ट एखाद्या बऱ्या आयटी कंपनीत करून बघा. ग्राहकांच्या आधार आणि खाते क्रमांकांची एक्सेल शीट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर टाका. तासाभरात मॅनेजरचा फोन येईल, मग सिक्युरिटी टीमचा, मग एचआरचा. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकवतात: ज्याला ज्या माहितीचं काम आहे त्याला तेवढीच दिसली पाहिजे, कोणी कधी पाहिली याची नोंद राहिली पाहिजे, काम संपल्यावर ती पुसली पाहिजे. शाळेच्या ग्रूपवर यातलं एकही पाळलं जात नाही. सगळ्यांना सगळं दिसतं, नोंद कुणाकडेच नाही, आणि पोरगं इंजिनिअर झालं तरी 'सहावी ब' कुणाच्या तरी फोनमध्ये जिवंत असतो. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या कंपनीला ग्राहकाची जेवढी काळजी घ्यावी लागते, तेवढीही मुलाची घ्यायला आपण शाळेला सांगितलेलं नाही.

वह्या हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघ

यादी निदान ग्रूपवर पडते. फोटो तर चव्हाट्यावर जातो.

जूनमध्ये कुठल्याही गावातल्या शाळेचं फेसबुक पेज उघडा. वह्यावाटप, दप्तरवाटप, सायकलवाटप. मध्ये पाहुणे, हारतुरे, मागे बॅनर, आणि पुढे ओळीनं उभी केलेली मुलं, वही छातीशी धरून. ही वही मिळण्याची अट आहे हे कुणी बोलत नाही, पण फोटोशिवाय वही मिळत नाही हे मुलांना बरोबर कळतं. दात्याला दानाचा पुरावा हवा असतो, आणि तो पुरावा म्हणजे मुलाचा चेहरा. पंधरा वर्षांनी ते मूल नोकरीच्या मुलाखतीला जाईल, लग्नाचं बघेल, निवडणुकीला उभं राहील. त्याच्या गरिबीची पावती तेव्हाही इंटरनेटवर असेल, दुसऱ्याच्या नावावर.

मग रील. शाळेचा पहिला दिवस, रडणारं पोर, मागे गाणं. चुकीचं उत्तर देणारी चिमुरडी आणि हसणारे सर. बोबडं बोलणारा मुलगा. 'किती गोड' अशा हजार कमेंट. ज्या शिक्षकांची रील्स लाखांनी पाहिली जातात, त्यांचं शिकवणं खरंच चांगलं असेलही. पण रडणं, अडखळणं, चुकणं हे वर्गातलं काम आहे. शाळा ही चुका करायचीच जागा असते, आणि तिथली चूक तिथेच विसरली जाईल या भरवशावर मूल हात वर करतं. समोर कॅमेरा असेल तर ते हात वर करायचं थांबवेल, किंवा कॅमेऱ्यासाठी हात वर करायला शिकेल. दोन्हींत शिक्षणाचं नुकसानच आहे.

शिक्षकांना झोडपून भागणार नाही

हे वाचून कुणी वर्गशिक्षिकेला जाब विचारायला निघाला असेल, तर थांबा. ती स्वतःच या साखळीत अडकलेली आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुणा शिक्षकाला विचारा, दिवसातून किती वेळा 'आजच्या आज फोटो पाठवा' असा मेसेज येतो. केंद्रप्रमुखांचा ग्रूप, तालुक्याचा ग्रूप, उपक्रमांचे ग्रूप. पोषण आहाराचा फोटो, गणवेशाचा फोटो, झाड लावल्याचा फोटो, दिन साजरा केल्याचा फोटो. काम झालं की नाही यापेक्षा फोटो पोचला की नाही हे महत्त्वाचं. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये तर राज्याच्या शिक्षण विभागानं शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून 'सरल' प्रणालीवर टाकावेत असा आदेश काढला होता. हेतू गळती रोखण्याचा होता. शिक्षकांनी विरोध केला. पण त्या आदेशामागची वृत्ती गेली नाही: सरकारचा शिक्षकावर विश्वास नाही, म्हणून मुलाचा चेहरा तारण ठेवायचा.

त्यात पटसंख्येची टांगती तलवार. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचं काय करायचं ही चर्चा राज्यात पुन्हा पुन्हा होते. शाळा टिकवायची तर मुलं हवीत, मुलं हवीत तर पालकांना शाळा दिसायला हवी, म्हणून पेज, म्हणून रील. हे सगळं शिक्षकाच्या खासगी फोनवर, त्याच्याच रिचार्जवर, रात्री अकरा वाजता. त्याचा नंबर साठ घरांत गेला, तेव्हा त्याचीही खासगी जागा संपली. मुलांच्या खासगीपणाची लढाई ही शिक्षकांच्या विरोधातली नाही. 'मुलांचे चेहरे अपलोड करणार नाही' असं वर सांगण्यासाठी शिक्षकाला आधार मिळाला, तर तोच पहिला सुटकेचा श्वास सोडेल.

कायदा आहे, पण दार किलकिलं

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. त्याच निकालातल्या आपल्या स्वतंत्र मतात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांचा वेगळा उल्लेख केला: लहानपणीच्या चुकांचं ओझं इंटरनेटमुळे त्यांनी आयुष्यभर वाहू नये. त्याही आधी, १९९२ साली, भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं सोळावं कलम मुलाच्या खासगीपणाबद्दलच आहे. लक्षात घ्या, मुलाच्या. पालकांच्या नव्हे.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. मुलांचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या डेटाबाबतची बंधनं मोडली तर २०० कोटींपर्यंत दंड. याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. वाचायला भारी वाटतं. पण त्याच नियमांत शिक्षणसंस्थांना सूट आहे. शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती त्यांना पालकांच्या संमतीची आणि नजर ठेवण्यावरच्या बंदीची अडचण नाही.

शाळा या सुटीकडे बोट दाखवतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. ही सूट सरसकट नाही. मुलाच्या हिताला बाधा येईल असा डेटाचा वापर करू नये, हे कायद्याच्या नवव्या कलमातलं बंधन या सुटीत येत नाही. माहितीच्या सुरक्षेची जबाबदारीही सुटत नाही. हजेरी घ्यायला सूट आहे. थकबाकीदारांची यादी साठ घरांत वाटायला नाही. रडणाऱ्या मुलाची रील हे कुठल्या विषयाचं शैक्षणिक काम आहे, ते एकदा शाळेनं लिहून द्यावं.

'आमच्या वेळी फळ्यावरच लावायचे'

हो, लावायचे. फळा शाळेच्या व्हरांड्यात होता. तो बघायला तिथे जावं लागायचं, पावसात खडू पुसायचा, पुढच्या चाचणीला नवी यादी लागायची. फळ्याला फॉरवर्डचं बटण नव्हतं. आणि फळ्यावर शेवटच्या नंबरावर असलेल्यांना तेव्हाही काही बरं वाटत नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप: पालकांनी प्रवेश अर्जावर सही केलीये. त्या अर्जाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, 'शाळेच्या प्रसिद्धीसाठी छायाचित्रे वापरण्यास हरकत नाही.' ही ओळ खोडली तर प्रवेश मिळेल का, हे विचारायची हिंमत किती पालकांत असते? नाही म्हणायची सोय नसेल तर हो म्हणण्याला संमती म्हणत नाहीत. आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या फोटोबद्दल तिला न विचारता फक्त वडिलांची सही घेणं, ही तर सातबाऱ्यावरची सही झाली.

तिसरा: गावात सगळ्यांना सगळं माहीतच असतं. असतं. पण गावाला माहीत असणं आणि शाळेनं शिक्का मारून लिहून देणं यात फरक आहे. चावडीवरची कुजबुज वारते. शाळेची पीडीएफ राहते.

मग करायचं काय

यासाठी नवं ॲप नको, टेंडर तर नकोच. आहे त्याच फोनवर उद्यापासून होण्यासारखं बरंच आहे.

ग्रूपवर फक्त सूचना. सुट्टी, सहल, वेळापत्रक, परीक्षेची तारीख. मेसेज फक्त ॲडमिननं टाकायचा ही सेटिंग चालू करायला अर्धा मिनिट लागतो. नंबर झाकायचे असतील तर व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी'मधल्या घोषणांच्या ग्रूपवर इतर सदस्यांना ते दिसत नाहीत.

एका मुलाबद्दलची गोष्ट एकाच घरी. फी, गुण, वर्तन, आजारपण, सवलत: ज्याचं त्याला, फोनवर किंवा समोर बसून. साठ फोन करायला वेळ नाही, हे खरं. पण थकबाकी साठ जणांची नसते, सहा जणांची असते.

आधार, प्रवर्ग, बँक खातं यांचा एकही आकडा व्हॉट्सॲपवर नाही. ना शाळेकडून पालकांकडे, ना पालकांकडून शाळेकडे.

फोटो टाकायचाच तर कामाचा टाका: मुलांनी काढलेलं चित्र, लावलेलं रोप, बनवलेलं मॉडेल. चेहरा आणि नाव एकत्र नको. वाटपाच्या फोटोत दाता एकटा उभा राहू दे, वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी. आणि मोठ्या मुलांना विचारा. नाही म्हणाली तर का, हे विचारू नका.

एप्रिल संपला की ग्रूप बंद करा आणि सगळ्यांना जुन्या फायली काढून टाकायला सांगा. जनरल रजिस्टर कायम ठेवायचं असतं, व्हॉट्सॲप ग्रूप नाही.

शिक्षकांना शाळेचा नंबर द्या, त्याला वेळ ठरवून द्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हे सगळं एका पानावर लिहून ठराव करा. समितीत पालक बहुसंख्य असतात, हे कायद्यानंच ठरवलेलं आहे. तिथे बसणाऱ्या बहुतेकांना आपल्या हातात हे आहे, याचा पत्ता नसतो.

शेवटचं, तुमच्याशी. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत वर्ग व्हॉट्सॲपवर आला. तेव्हा आठवी-नववीत असलेले तुम्ही आज कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत आहात. ज्यांची शाळाच या ग्रूपवर भरली अशी ती पहिली पिढी. तुमचे गुण, तुमच्या घराच्या भिंतीसमोर काढलेले फोटो, तुमच्या फीबद्दलचे मेसेज अजून कुणाच्या तरी फोनमध्ये आहेत. ते परत मागता येणार नाहीत. पण तुमच्या घरात धाकटं भावंड असेल, भाचा असेल, शेजारची पोरगी असेल. त्यांच्या ग्रूपवर पुढची पीडीएफ येईल तेव्हा आईच्या फोनवरून वर्गशिक्षिकेला, ग्रूपवर नाही, वेगळा मेसेज टाका: 'बाई, ही यादी काढून टाकता का? मुलांची खासगी माहिती आहे.' बहुतेक बाई काढतील. नाही काढली, तर हाच प्रश्न मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि पोच घ्या.